छातीतला घोडा

बार्शीच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्यांची परवानगी घेऊन थोडक्यात सांगतो. वय बेचाळीस. वर्षभरापासून अधूनमधून छाती धडधडते, हात गार पडतात, भाजीत मीठ घातलं की नाही हे दोन मिनिटांत आठवेनासं होतं. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही वेळा नॉर्मल आला. पहिल्या वेळी सगळं घर दवाखान्यात हजर होतं, तिसऱ्या वेळी धाकटा मुलगा एकटाच सोबत गेला. आता घरात कुणी विचारतही नाही. पत्राचं शेवटचं वाक्य असं आहे: ईसीजी खराब आला असता तर बरं झालं असतं, निदान मी खोटं बोलत नाही हे तरी कळलं असतं.

आम्ही दोघी बहिणी हे सदर मिळून लिहितो. एक शाळेत विज्ञान शिकवते, दुसरी औषधांच्या दुकानात उभी असते. पत्रं वाचून त्यांची वाटणी करायची आमची पद्धत आहे. या पत्राची वाटणी झाली नाही. ते वाक्य आम्ही घरात आधी ऐकलं होतं, अम्मीच्या तोंडून, तिच्या सोलापुरी दखनीत: "कुछ तो निकलना था रिपोर्ट में."

आज चाळिशी ओलांडलेल्या सोलापूरकरांना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि मिरवणुका संपवून शहर नुकतंच झोपलं होतं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. विजापूर वेशीजवळच्या आमच्या घरात फळीवरची भांडी खाली आली, अब्बांनी आम्हाला दोन्ही बगलांत धरून रस्त्यावर आणलं. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ होतं, इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. तिकडे सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. जखमींच्या गाड्या सोलापूरच्या सिव्हिलकडे येऊ लागल्या, आणि शहरातले लोक कित्येक रात्री मैदानात, रस्त्यावर, ओट्यावर झोपले. आमच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला, बाकी काही नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणूनच पुढे अम्मीला जे झालं ते कुणाला पटेना.

दसरा गेला, दिवाळी गेली, लोक घरात झोपायला लागले. अम्मी मात्र रोज पहाटे चारच्या सुमारास दचकून उठायची. "छाती में घोडा दौडरा," म्हणायची. घाम, हात गार, श्वास पुरत नाही. दादीअम्मांनी नजर उतरवली, कुणीतरी तावीज आणून दिला. अब्बांनी दोन दवाखाने केले. ईसीजी स्वच्छ. एका डॉक्टरांनी कागद अब्बांच्या हातात देत "काही नाही यांना" असं सांगितलं, आणि त्या दिवसापासून घरात तेच वाक्य चालू झालं. काही नाही तुला. शेजारच्या एकीने तर तोंडावर सांगितलं की किल्लारीच्या बायांचं घर गेलं, मूल गेलं, आणि हिचं काय गेलं?

अम्मी विड्या वळायची. लग्नाच्या आधीपासून, दिवसाला हजार. मांडीवर सूप, हात आपले चालू, तोंडाने दादीअम्मांशी बोलणं आणि एक डोळा आमच्या पाढ्यांवर. पंचवीसचा कट्टा ती न मोजता बांधायची आणि तो पंचवीसचाच असायचा. भूकंपानंतर तिचा कट्टा चोवीसचा भरू लागला, कधी सव्वीसचा. पान वाकडं कापलं जायचं. कारखान्यात माल द्यायला गेली की छाट वाढलेली, म्हणजे नापास विड्यांचा ढीग, आणि त्याचे पैसे कापले जायचे. धडधड खोटी असेल असं घराने ठरवलं होतं, पण छाट तर सगळ्यांना दिसत होती. अम्मीचं लक्ष कुठं गेलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. छातीतला घोडा आणि सुपातली चुकलेली मोजणी या दोन वेगळ्या तक्रारी समजल्या गेल्या. दुसरीला आळस असं नाव मिळालं.

त्या एकाच दोरीच्या दोन टोकांना होत्या, हे समजायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

हृदयाला स्वतःचा ठेका असतो, तो बाहेरून कुणी द्यावा लागत नाही. त्याला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतं. हृदयरोपण झालेल्या माणसांत हे दिसतं: नवीन हृदयाला जोडलेल्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे तो माणूस निवांत बसला तरी त्याची नाडी नव्वद ते एकशेदहाच्या घरात चालते. मग तुमची-आमची नाडी बसल्या जागी सत्तरवर कशी? कारण मेंदूतून एक लांब मज्जातंतू मानेतून खाली हृदयापर्यंत येतो आणि त्याला सतत मागे खेचून धरतो. त्याचं नाव व्हेगस. अम्मीचाच शब्द घ्यायचा तर हा घोड्याचा लगाम.

हा लगाम काम कसा करतो ते ओटो लोवी या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात 1921 साली दाखवलं. त्याला प्रयोग स्वप्नात सुचला. रात्री उठून त्याने कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा तो उशीवर विसंबला नाही, सरळ प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाच्या व्हेगसला विजेचा हलका झटका दिला. ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंदावलं. म्हणजे ही नस हृदयावर एक रसायन सोडते आणि त्याने ठोका आवरला जातो. 1936 साली लोवीला नोबेल मिळालं.

हे वाचता वाचता मनगटावर बोट ठेवून बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात. लगाम सैल होतो, पुन्हा ओढला जातो. ठोक्यांमधलं अंतर असं थोडंफार कमीजास्त होत राहणं हे लगाम जिवंत असल्याचं लक्षण आहे. अगदी घड्याळासारखा एकसुरी ठोका उलट लगाम ढिला पडल्याचं सांगतो. हल्ली मनगटावरची घड्याळं हा आकडा दाखवतात. आमच्या भाच्याने हौसेने घेतलं आणि आठवडाभर रोज सकाळी तो आकडा बघून घाबरत राहिला, ते वेगळं.

आता लगाम धरणारा हात. व्हेगसचं मूळ मेंदूच्या बुडाशी, मानेजवळ आहे, पण त्याला हुकूम वरून येतात. कपाळाच्या मागे, मेंदूच्या अगदी पुढच्या भागात, जे क्षेत्र आहे त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. आणखी आत, मेंदूच्या मधोमध, कानशिलाच्या पातळीवर बदामाएवढा एक गोळा आहे, अमिग्डला. धोका हुंगणं हे त्याचं काम. सावली हलली, भांडं पडलं, दार आपटलं की तो आधी ओरडतो आणि मग विचार करणाऱ्यांवर सोडतो. एरवी पुढचा भाग त्याला गप्प बसवून ठेवतो: मांजर आहे, झोप. हा धाक आहे तोवर व्हेगसचा लगामही ओढलेला राहतो. धाक सुटला की गोळा ओरडतो, लगाम सैल होतो आणि घोडा सुटतो.

हे नुसतं गृहीत धरलेलं नाही. फिट्सच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांची एक तपासणी करतात. गळ्यातल्या धमनीतून औषध देऊन मेंदूचा एक अर्धा भाग काही मिनिटांपुरता झोपवतात, बोलणं आणि आठवण कुठल्या बाजूला आहे ते बघायला. हे औषध पुढच्या भागापर्यंतही पोचतं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तपासणीच्या वेळी रुग्णांचा ईसीजी नोंदवला गेला. मेंदूचा तो भाग झोपला आणि हृदयाचे ठोके वाढले, लगामाची खूण कमी झाली, उजव्या बाजूला झोपवलं तेव्हा जास्त. त्या वेळी त्यांना कुणी घाबरवलं नव्हतं. हात तेवढा सुटला होता.

आणि कपाळामागचा हाच भाग लक्ष सांभाळतो. काय ऐकायचं, काय सोडायचं, सात मोजून झाले पुढे आठ, हे धरून ठेवणं त्याच्याकडे आहे. अमेरिकेतले ज्युलियन थेअर आणि रिचर्ड लेन यांनी 2000 साली मांडलं की भावना आवरणं, लक्ष धरणं आणि हृदयाचा ठोका आवरणं ही तीन वेगळ्या खात्यांची कामं नाहीत, मेंदूच्या पुढच्या भागातून निघणारं एकच जाळं तिन्ही बघतं. पुढे 2003 साली नॉर्वेच्या नौदलातल्या खलाशांवर याची पडताळणी झाली. ज्यांच्या ठोक्यांत तो निरोगी चढउतार जास्त होता ते लक्ष आणि ताजी आठवण लागणाऱ्या चाचण्यांत सरस ठरले. साध्या, नुसतं बोट दाबायच्या कामात फारसा फरक नव्हता. जिथे डोकं धरून ठेवावं लागतं तिथेच होता.

विड्यांचा कट्टा पंचवीसवर थांबवणं हे तसंच डोकं धरून ठेवायचं काम. रात्रभर अमिग्डलाशी झुंजणाऱ्या हातात दिवसा मोजणी टिकेल कशी?

गोष्ट इथे संपत नाही, कारण निरोप खालून वरही जातो. 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाचा ठोका बाहेरून, प्रकाशाच्या साहाय्याने, मिनिटाला सहाशे साठवरून नऊशेवर नेला. उंदराचं हृदय एरवीही असंच पळतं, आकडे बघून दचकू नका. सुरक्षित जागेत उंदरांना फारसा फरक पडला नाही. जिथे थोडा धोका होता, उघडी जागा किंवा कधीमधी बसणारा झटका, तिथे मात्र ते बिचकू लागले, पाणी प्यायलाही कचरू लागले. आणि शरीराच्या आतल्या खबरा घेणारा मेंदूतला इन्सुला नावाचा भाग शांत केला, तेव्हा हृदय पळत असूनही भीती ओसरली. म्हणजे नुसत्या धावणाऱ्या हृदयानेही भीती तयार होऊ शकते, पण डोक्यात आधी "इथे धोका आहे" असं बसलेलं असावं लागतं.

पहाटे चार वाजता अंधाऱ्या खोलीत अम्मीला हेच होत होतं. ठोका थोडा वाढायचा, जसा कुणाचाही वाढेल. तिच्या डोक्यात ती वेळ धोक्याची म्हणून कोरली गेली होती. लक्ष छातीकडे जायचं, छातीकडे लक्ष गेल्यावर ठोका मोठा वाटायचा, मोठा वाटला की भीती, आणि भीतीने ठोका आणखी. लक्ष हरवलं नव्हतंच तिचं. ते सगळं आत, छातीवर, पहाऱ्याला बसलं होतं. बाहेर मोजायला काही उरलं नव्हतं.

ती एकटी नव्हती हेही आम्हाला नंतर कळलं. भूकंपातून वाचलेल्या मराठवाड्यातल्या काही लोकांची मानसोपचारतज्ज्ञांनी महिनाभराने तपासणी केली होती आणि 1996 साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांत उपचार लागावा असा मानसिक त्रास आढळला. त्यांच्या दुःखाशी आमच्या तडा गेलेल्या भिंतीची तुलना नाही. पण अमिग्डला शेजारणीला विचारून ओरडत नाही, की तिचं जास्त गेलं म्हणून मी गप्प बसू का.

अम्मीला वाट दाखवली ती बेगम पेठेतल्या एका वयस्क डॉक्टरांनी, आता ते हयात नाहीत. त्यांनी ईसीजी पाहिला, तिला बसवलं आणि अब्बांकडे न बघता तिच्याशी बोलले. "बेटी, तुझी धडधड खरी आहे. आणि तुझं हृदय चांगलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात." अम्मी तिथेच रडली. त्यांनी काही महिने औषध दिलं, पहाटे उठल्यावर नाडी बघायला मनाई केली, आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. अब्बा तिला फजरनंतर सिद्धेश्वर तलावाकडे घेऊन जायला लागले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कट्टा पंचवीसचा झाला.

इथवरचं आम्ही नेहमी सांगत आलो. आता जे सांगतो ते पहिल्यांदाच.

अम्मीच्या या गोष्टीने आम्ही इतक्या शहाण्या झालो की कुणी धडधड म्हटलं की आमचं निदान तयार असायचं. दहा-बारा वर्षांपूर्वी रमजानच्या एका रात्री आमची खाला स्वयंपाकघरातच खाली बसली. वय चोपन्न, साखरेचा जुना आजार. मळमळ, कपाळावर गार घाम, जबड्यात ओढ. छातीत दुखतंय असं ती म्हणाली नाही, "दिल घबरारा" एवढंच म्हणाली. घरी मुलीचं लग्न तोंडावर होतं, सासू अंथरुणावर. आम्ही तिला थंड सरबत दिलं, पाठ चोळली आणि सावकाश श्वास घ्यायला लावला. "खाला, टेन्शन आहे, अम्मीला पण व्हायचं," असं आमच्यापैकी जी औषधाच्या दुकानात उभी असते तीच म्हणाली. सेहरीला तिला उठवेना तेव्हा दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक होता, रात्री दहापासून चालू. डॉक्टरांनी विचारलं, रात्री का नाही आणलं? आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

खाला वाचली. तिच्या हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं, निरोगी माणसाचं पंचावन्नच्या वर असतं. जिना चढताना ती मध्ये दोनदा थांबते. आम्हाला ती कधी बोलली नाही. ते बोलली असती तर सोपं गेलं असतं.

म्हणून बार्शीच्या भगिनीला नुसतं "मेंदूचा खेळ आहे, घाबरू नका" असं लिहून मोकळं होणं आम्हाला जमत नाही. लगाम सुटतो तेव्हा घोड्याला इजाही होते. 17 जानेवारी 1994 रोजी, किल्लारीनंतर चार महिन्यांच्या आत, पहाटेच लॉस एंजलिसला भूकंप झाला. तिथे त्याआधीच्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू रोज सरासरी पाचाच्या आत होते, त्या एका दिवशी चोवीस झाले. ढिगाऱ्याखाली सापडून नव्हे, भीतीने. बहुतेकांचं हृदय आधीच आजारी होतं. जपानी डॉक्टरांनी 1990 साली आणखी एक प्रकार नोंदवला, मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचं टोक काही दिवस फुगून लुळं पडतं आणि ते ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखं दिसतं. त्या मडक्याचंच नाव त्याला दिलं, ताकोत्सुबो. हा जास्त करून पाळी गेलेल्या बायकांत होतो.

तेव्हा आधी शरीर. जबडा, मान, डावा हात किंवा पाठ ओढली जाणं, गार घाम, मळमळ, बसल्या जागी दम, चक्कर येऊन पडणं, यातलं काही धडधडीबरोबर आलं तर श्वासाचे व्यायाम नकोत, 108 ला फोन करा. साखरेचा आजार असलेल्यांना आणि बायकांना छातीत दुखल्याशिवायही अटॅक येतो. त्यात रात्र आहे, रोजा आहे, पाहुणे आहेत हे बघू नका.

तसं काही नसेल आणि धडधड महिनोन्महिने येत-जात असेल, तर ईसीजीच्या जोडीला रक्त तपासा. बायकांचं हृदय पळण्याचं सगळ्यांत साधं कारण म्हणजे रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 21 च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत पंडुरोग आढळला. थायरॉईड जास्त चालत असेल तरीही हेच होतं, हात थरथरतात, झोप जाते, आणि घरचे त्याला चिडकेपणा म्हणतात. दिवसातून सहा कप चहा होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि ज्या घरात विड्या वळतात तिथे आणखी एक गोष्ट. निकोटिन विडी ओढल्यानेच शरीरात जातं असं नाही, तंबाखूची धूळ श्वासातून आणि हाताच्या कातडीतूनही जाते, आणि निकोटिन हृदयाचा ठोका वाढवतं. आपल्या सोलापुरातल्याच वैद्यकीय संशोधकांनी विडी कामगारांच्या शरीरात शिरणाऱ्या निकोटिनवरचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध केला होता. अम्मीच्या वेळी हे कुणी विचारलंच नाही. बंद खोलीत, मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन, दिवसाचे दहा तास. तिच्या घोड्याला तिथूनही टाच बसत असणार.

हे सगळं ठीक निघालं, तर मग लगामाकडे वळायचं. तो बळकट करता येतो. नॉर्वेच्या त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी बघितलं की नियमित व्यायाम चालू ठेवलेले खलाशी लक्ष लागणाऱ्या चाचण्यांत पुढे गेले. आपल्याला खलाशी व्हायला नको, अर्धा तास भरभर चालणं पुरे. बायकांना रस्त्यावर चालायला संकोच वाटतो हे आम्हाला माहीत आहे, पण अम्मीबरोबर पहिल्या महिन्यात फक्त अब्बा होते, तिसऱ्या महिन्यात गल्लीतल्या पाच जणी होत्या.

श्वासाचं म्हणाल तर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून प्राणायाम यंत्रांवर मोजायला सुरुवात केली होती, हा विषय आपल्या मातीत जुना आहे. इटलीतले डॉक्टर लुचियानो बेर्नार्डी यांचा 2001 सालचा प्रयोग आम्हाला विशेष आवडतो. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, एकदा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय व रक्तदाब यांचं आपसातलं तालमेळ सुधारलं. ही जपमाळ युरोपात अरबांकडून, धर्मयुद्धांतून परतलेल्या सैनिकांबरोबर आली, अशी नोंदही त्यांनी त्याच लेखात केली आहे. तसबीहवर त्यांनी प्रयोग केला नव्हता, तेव्हा आम्ही तसा दावा करणार नाही. इबादत ही नाडी सुधारायला करायची गोष्टही नाही. पण दादीअम्मा तसबीह घेऊन बसल्या की त्यांचा श्वास कसा लांब व्हायचा, हे आम्ही लहानपणी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं आहे. श्वास सोडणं घेण्यापेक्षा जरा लांब ठेवा, पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि धडधड नसतानाही. घोडा सुटल्यावरच लगाम शोधायला गेलं तर सापडत नाही.

याने भागलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. या त्रासावर औषधं आहेत आणि बोलून करायचे उपचारही आहेत. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

घरच्यांसाठी एकच. "काही नाही तुला" हे वाक्य बाद करा. ते ऐकून अमिग्डला शांत होत नाही, उलट आता धोक्याबरोबर एकटेपणाही आला असं त्याला वाटतं. शेजारी बसा, हात धरा. मिठाचा डबा पुन्हा पुन्हा कुठे ठेवते यावरून हसू नका.

बार्शीच्या भगिनी, तुमच्या पत्रात तीन ईसीजींचे अहवाल आहेत, पण हिमोग्लोबिनचा आणि थायरॉईडचा उल्लेख कुठेच नाही. ते अजून केलं नसेल तर या आठवड्यात करा. धाकट्याला घेऊनच जा, तो तुमच्यावर विश्वास ठेवतो असं पत्रावरून दिसतं. काय निघतं ते कळवा, काही निघालं नाही तरी कळवा. पत्र वाचून दाखवलं तेव्हा अम्मी आणि खाला दोघी समोरच बसल्या होत्या. खाला म्हणाली, पहले खून तपासने बोलो. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उसकू लिखो, मेरकू बी होता था."